तीन नावांची जमीन

“बांधावरचं गवत दोघांच्याही गाईंचं.”

बीट्रिसकाकू हे दिवसातून एकदा तरी म्हणायचीच. सिडनीत हॅरिस पार्कला वाण्याच्या दुकानात शेवटच्या शहाळ्यावर दोन बायकांचे हात एकदम पडले, की म्हणायची. शेजारच्या केव्हिनच्या झाडाचं लिंबू कुंपणाच्या अलीकडे गळलं, की ते उचलून खिशात टाकता टाकता म्हणायची. खुद्द तिच्या जमिनीला बांध नव्हता, तारेचं कुंपण होतं. आणि गाय तर तिनं उभ्या जन्मात पाळली नव्हती. पण म्हण ही माहेरच्या पितळी डब्यासारखी असते. उपयोग असो नसो, बाई ती जाईल तिथं बरोबर नेते.

अंजूनं ही म्हण इतक्यांदा ऐकली होती की लहानपणी टूनगॅबीच्या रविवारच्या मराठी शाळेत बाईंनी “एक म्हण सांगा” म्हटल्यावर तिनं उभं राहून हीच ठणकावून सांगितली. बाईंनी ती पुस्तकात शोधली, सापडली नाही. पुस्तकात कुठून असणार? वसईत बीट्रिसच्या आजीनं ती म्हशीच्या पाठीवर हात फिरवत म्हटलेली होती.

ज्या जमिनीची ही गोष्ट आहे, ती सिडनीच्या वायव्येला आहे. विल्बरफोर्स गाव ओलांडलं की रस्ता उतरायला लागतो, आणि हॉक्सबरी नदी हातातल्या काकणासारखी वळते. त्या वळणाच्या पोटात पाच एकर. माती गाळाची. मुठीत दाबली तर मोदकासारखी बसते, बोटानं टोचली की मोकळी होते. नदीकाठच्या या मातीत इथले मूळचे दारुग लोक हजारो वर्षं कंद खणत होते. मग दोनशे वर्षांपूर्वी जहाजांतून आलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना सरकारनं कागद करून तीच माती वाटली. कंद खणणाऱ्यांना कुणी काही विचारलं नाही. वसाहतवाल्यांच्या नातवंडांनी पुढं त्या कागदांवरून एकमेकांची डोकी फोडली. केव्हिन त्यांच्यातलाच. त्याच्या पणजोबानं मृत्युपत्रात दोन मुलांना शेत निम्मं निम्मं दिलं, पण रस्त्याकडचं फाटक कुणाचं, ते लिहायचं राहून गेलं. झालं. एकानं जुनं फाटक धरून ठेवलं, दुसऱ्यानं त्याला खेटून नवं बसवलं. चौथी पिढी आली, तरी दोन फाटकं आहेतच, मध्ये हातभर अंतर, आणि दोन्हीकडची माणसं एकमेकांकडे न बघता आत जातात.

बीट्रिसनं ती फाटकं पहिल्यांदा पाहिली तेव्हा गाडीत मोठ्यानं हसली होती. “अगंबाई, इथंही आहेत वाटतं आपले लोक!”

ते साल सत्याऐंशी. गाडीत तिघं होती. बीट्रिस तुस्कानो, वसईची, एका हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला. पद्माकर, पुण्याचा, टेलिफोन खात्यात इंजिनियर. तोच अंजूचा बाबा. आणि प्रताप, नाशिकचा, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये. तिघंही टूनगॅबीला एकाच आवारात भाड्यानं राहत. तिघांच्याही हाताला कित्येक वर्षांत माती लागली नव्हती म्हणून हात शिवशिवत. बीट्रिसचा नवरा विन्सेंट तेव्हा दूर पश्चिम ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत फिटर होता, दोन-दोन महिने घरी येत नसे. म्हणून कागदावर सही बीट्रिसची झाली. तिघांनी साठवलेलं एकत्र केलं आणि पाच एकर घेतले.

वकिलाच्या ऑफिसात, म्हातारा वकील चष्म्यावरून बघत विचारता झाला, की तिघांचे हिस्से वेगवेगळे लिहायचे का? पद्माकरनं प्रतापकडे पाहिलं. प्रतापनं छताकडे पाहिलं. मित्रामित्रांत हिस्सा हा शब्द उच्चारायचा कुणी?

बीट्रिस म्हणाली, “हिस्से कशाला? हिस्से भांडलेल्या भावांचे असतात. आपण अजून कुठं भांडलोय?”

तिघंही हसली. पद्माकरनं वकिलाला इंग्रजीत सांगितलं, हिस्से नकोत, सगळं सगळ्यांचं. वकील गंभीर झाला. त्यानं दहा मिनिटं काहीतरी समजावून सांगितलं, एक बोट उभं करून, मग ते आडवं करून. तिघांनी माना हलवल्या. आपली माणसं समोरचा मोठ्या कळकळीनं बोलत असला की मान हलवतात. समजलं नाही असं म्हणणं त्यांना उद्धटपणाचं वाटतं. बाहेर आल्यावर प्रतापनं विचारलं, “काय म्हणत होता रे?” पद्माकर म्हणाला, “एकत्र राहा म्हणत होता.” मग तिघं वालाचं बी आणायला गेली.

त्या जमिनीवर अंजूचं बालपण गेलं. दर शनिवारी सकाळी गाडी उताराला लागली की ती खिडकीची काच खाली करायची. कोण कुठली ओळ लावतो हे ठरलेलं नव्हतं. ज्याच्या हाती कुदळ, त्याची ओळ. बीट्रिसकाकू केळी लावायची आणि हिवाळ्यात दहिवर पडलं की केळीच्या पानांना बाळासारखं गोणपाट गुंडाळायची. प्रतापकाका ऊस लावायचा आणि तो कधीच गोड व्हायचा नाही. बाबांचा जीव नदीवरून पाणी खेचणाऱ्या डिझेलच्या पंपात. जमिनीच्या बरोबर मध्ये, जराशा उंचवट्यावर, पत्र्याच्या खोपट्यात तो पंप होता. तो चालला तर वरचंही पिकायचं, खालचंही. नाही चालला, तर नदी दिसायची आणि रोपं माना टाकायची.

प्रतापकाका दोन हजार नऊमध्ये गेला. त्याचा मुलगा सलिल डॉक्टर झाला आणि नोकरीला कालगुर्लीच्या हॉस्पिटलात लागला. बीट्रिसकाकूला त्याची मोठी काळजी. “ज्या गावानं माझा नवरा वीस वर्षं ठेवून घेतला, तिथंच हाही गेला,” म्हणायची. एकदा तो सिडनीला आलेला असताना तिनं त्याच्या बॅगेत दोन किलो ताजा वाल भरला. पर्थच्या विमानतळावर बाहेरची भाजी त्या राज्यात आणायला बंदी, म्हणून अधिकाऱ्यानं तो कचऱ्यात टाकला. सलिलनं फोनवर सांगितलं, तेव्हा काकूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “सोलून तरी टाकला का रे त्यानं?”

सात वर्षांपूर्वी विन्सेंटकाका गेला. मग नदीला लागोपाठ तीन पूर आले. प्रत्येक वेळी गाळात रुतलेला पंप बाबा आणि काकूनं मिळून उपसून काढला, दोघं सत्तरीच्या पुढची, गुडघाभर चिखलात, एकमेकांवर ओरडत. आणि या मार्चमध्ये बाबा गेले.

बाबांचं मृत्युपत्र साधं होतं. टूनगॅबीचं घर श्रेयसला, म्हणजे अंजूच्या थोरल्या भावाला. विल्बरफोर्सची जमीन अंजूला. एवढंच. अंजूला घराचं काही वाटलं नाही. तिचा स्वतःचा फ्लॅट होता, पॅरामॅटाला फार्मसीत तिची नोकरी होती. पण जमिनीची ती एक ओळ तिनं पुनःपुन्हा वाचली. बाबांनी तिच्या शनिवारांना नाव दिलं होतं.

मग नव्या वकिलाकडे गेल्यावर कळलं, की जुना वकील बोट उभं-आडवं करून काय सांगत होता. कागदावर वेगळे हिस्से नसले, तर जो मरतो त्याचं नाव फांदीवरून पान गळावं तसं गळतं. मृत्युपत्रात काहीही लिहिलेलं असो. शेवटी जो जिवंत उरतो, सगळी जमीन त्याची. प्रतापचं नाव सोळा वर्षांपूर्वीच गळलं होतं, कुणाला पत्ताही नव्हता. आता पद्माकरचं गळलं. उरलं एकच नाव, बीट्रिस तुस्कानो.

“म्हणजे बाबांनी तुला जे दिलं, ते बाबांचं नव्हतंच?” श्रेयस गाडीत म्हणाला. “अडतीस वर्षं राबले ते तिथं! This is rubbish, Anju.”

“काकूलाही माहीत नसेल रे.”

“आता तर झालं ना माहीत? बघू काय करते.”

अंजूला वाईट वाटत होतं आणि वाईट वाटण्याची लाजही वाटत होती. काकूकडे जाऊन माझं मला दे म्हणायचं, म्हणजे काकूनं ते घेतलं असं म्हणणं झालं. ती तीन शनिवार गेली नाही. चौथ्या शनिवारच्या आधी श्रेयसनं तिला न विचारता बीट्रिसकाकूला वकिलाचं पत्र पाठवलं.

ते कळलं तेव्हा अंजू त्याच्यावर एवढी ओरडली की त्याची बायको चिन्मयी शेजारच्या खोलीतून धावत आली. श्रेयस हात वर करून म्हणाला, “अगं, तुझ्यासाठीच केलं! मला काय मिळणार आहे त्यातून?” आणि ते खरं होतं, हीच तर पंचाईत होती.

दुसऱ्या दिवशी अंजू विल्बरफोर्सला गेली. बीट्रिसकाकू वालाच्या वेलांत होती. विन्सेंटकाकाचा खाणीतला भडक नारिंगी शर्ट, डोक्याला क्रिकेटवाल्यांची पांढरी टोपी, पायांत रबरी बूट. वय वर्षं एकोणऐंशी.

“आलीस? ते टोपलं घे,” काकू मान न वळवता म्हणाली. “तिकडच्या टोकापासून तोड. कोवळ्याला हात लावू नको.”

“काकू, ते पत्र...”

“वाल जून होतोय, पत्र नाही होत.”

तासभर दोघी दोन टोकांकडून तोडत आल्या. मधोमध भेटल्यावर काकूनं थर्मास काढला आणि उलट्या क्रेटवर बसली. मग शर्टाच्या खिशातून वकिलाचं पत्र काढलं. त्याची पुडी केलेली होती, आणि पुडीत मिरचीचं बी होतं.

“जाड कागद आहे,” काकू म्हणाली. “बी सादळत नाही.”

“काकू, I swear, मला माहीत नव्हतं. श्रेयसनं पाठवलं.”

“नाव तर तुझं आहे आत.”

“माझ्यासाठी पाठवलं त्यानं. बाबांनी मला लिहून दिली होती ना.”

“म्हणजे भाऊ चांगला आहे. कळवून भांडतो. आमच्याकडे न कळवता भांडायचे.” काकूनं चहा ओतला. “आणि तुला काय हवंय? तू सांग. श्रेयसचं मी वाचलं.”

अंजूनं कप दोन्ही हातांत धरला. “मला इथं यायचंय. बाबांची म्हणून. पाहुणी म्हणून नाही. तुम्ही कधीच नाही म्हणणार नाही, मला माहितीये. पण उद्या ल्यूक म्हणाला तर?”

हे बोलून झाल्यावर तिला वाटलं, आता काकू रागावेल. ल्यूक हा काकूचा एकुलता एक मुलगा. पण काकूनं फक्त फुंकर मारून चहावरची साय बाजूला केली.

“ल्यूक म्हणतोय आधीच. ‘मम्मी, it's all yours now.’ काल अख्खी दुपार समजावत होता. मी म्हटलं, बाबा, तू इथं शेवटचा कधी आलेलास? तर म्हणतो, ख्रिसमसला. मी म्हटलं, कुठल्या?”

दोघी हसल्या. मग काकूनं अंजूला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली.

वसईला त्यांची वाडी होती. केळी, मोगरा, विड्याची पानं. मध्ये विहीर, विहिरीवर रहाट, आणि रहाटाला मडक्यांची माळ, सोळा मडकी. रेडा फिरला की एकामागून एक मडकं भरून वर यायचं आणि पन्हळीत रितं व्हायचं. बीट्रिस आठ वर्षांची असताना तिच्या बाबांनी आणि काकांनी वाडी वाटून घेतली. विहीर वाटता येईना, म्हणून दिवस वाटले. दिवसांवरून भांडण झालं, तेव्हा मडकी वाटली. आठ ह्याची, आठ त्याची. ज्याची पाळी नसेल तो आपली आठ मडकी माळेवरून सोडून घरी नेऊन ठेवायचा.

“रहाट फिरायचा,” काकू म्हणाली, “आणि एक मडकं भरलेलं, एक जागा रिकामी, एक मडकं भरलेलं, एक जागा रिकामी. पाणी अर्धं. रेड्याला मात्र तेवढंच फिरावं लागायचं. मी त्याच्या मागून चालायचे ना, मला त्या रेड्याची फार दया यायची. वाडी वाळली. माझा बाबा गेला, तर काका मातीला आला नाही. पन्नास पावलांवर घर.”

नदीकडून बदकांचा आवाज आला. काकूनं मिरचीच्या बियांची पुडी पुन्हा नीट मिटली.

“म्हणून त्या वकिलासमोर मी म्हटलं, हिस्से नकोत. तुझा बाबा गप्प होता. प्रताप गप्प होता. शब्द माझा होता, बाय. चांगलं करायला गेले आणि दोघांच्या पोरांना बेदखल केलं.”

“काकू, असं नका म्हणू.”

“म्हणू दे. पुढच्या शनिवारी श्रेयसला घेऊन ये. सलिलला मी बोलावते. आपण वाटण्या करू.”

अंजू तिच्याकडे बघतच राहिली. वाटणी हा शब्द या बाईच्या तोंडी तिनं आजवर ऐकला नव्हता.

शनिवारी सगळे जमले. सलिल कालगुर्लीहून पर्थ, पर्थहून सिडनी असा दिवसभराचा प्रवास करून आलेला, बॅगेत फक्त दोन शर्ट. ल्यूक आला, तोंड पाडून. श्रेयस आला आणि काकूच्या नजरेला नजर देईना. काकूनं त्याला बघताच हाक मारली, “ये रे वकीलसाहेब! तुझ्या पत्रात मिरची छान राहिली.”

“Sorry, काकू.”

“सॉरी नंतर. आधी त्या खुंट्या धर.”

काकूनं पहाटेपासून खुंट्या ठोकल्या होत्या, बांबूच्या, आणि त्यांना निळी नायलॉनची सुतळी बांधली होती. पाच एकरांचे तीन पट्टे पडले होते, रस्त्यापासून नदीपर्यंत एकाखाली एक उतरत जाणारे. वरचा, मधला, खालचा.

“कागदाचं आधी सांगते,” ती म्हणाली. “वकिलाकडे जाऊन आले. अंजू, सलिल आणि मी. तिघांची नावं, तिघांचे वेगळे, सारखे हिस्से. ज्याचा त्यानं हवा त्याला द्यावा. मी सही केली. तुम्ही सोमवारी करा.”

ल्यूक म्हणाला, “Mum, स्टँप ड्यूटी भरावी लागणार. देणगी असली तरी.”

“भरू. तुझा बाप सोन्याच्या खाणीत काय गोट्या खेळत होता?”

सलिल फिस्सकन हसला. श्रेयसनं विचारलं, “मग ह्या सुतळ्या कशाला, काकू?”

“काउन्सिल तुकडे करू देत नाही. कागदावर जमीन एकच राहणार. पण मातीवर कुठं कोण वाकणार, ते माणसाला ठाऊक हवं. नाहीतर उद्या तुम्ही केव्हिनसारखी फाटकं बसवाल. आता ऐका. थोरल्यानं वाटे पाडायचे. धाकट्यानं आधी उचलायचं. पाडणाऱ्यानं शेवटी, उरेल तो. म्हणजे पाडणारा लबाडी करत नाही. माझ्या आजोबांची पद्धत.”

“That's actually brilliant,” श्रेयस म्हणाला.

“हुशार होतीच. पण माझ्या बाबानं मोडली. तो थोरला. त्यानं वाटे पाडले आणि त्यानंच आधी उचलला, विहिरीकडचा. सगळा जन्म मी सांगत आले, काका वाईट होता, त्यानं मडकी सोडली. काका मागाहून वाईट झाला. आधी माझा बाबा झाला.” काकूनं टोपी काढून पुन्हा घातली. “चला. अंजू सगळ्यांत धाकटी. उचल.”

अंजू सुतळीजवळ उभी राहिली. वरचा पट्टा रस्त्याला लागून, तिथं काकूच्या केळी. खालचा नदीला लागून, माती सर्वांत काळी, पण तीन पुरांत तीनदा गेलेला. आणि मधला. मधल्यात उंचवटा, पत्र्याचं खोपटं आणि पंप. तिघांत कुणालाही विचारलं असतं तरी मधलाच सोन्याचा. काकूला ते कळलं नसेल असं शक्य नव्हतं. पंपाचे काही तुकडे होत नव्हते.

श्रेयस तिच्या कानाशी पुटपुटला, “मधला. Don't be silly, Anju. मधला घे.”

सलिल म्हणाला, “माझा विचार करू नकोस हं. आमच्या गावाला पाणी सहाशे किलोमीटरवरून नळानं येतं. मला दव पडलं तरी पूर वाटतो.”

अंजूच्या मनात आलं, खालचा म्हणावं. सगळे म्हणतील किती गुणाची. काकू पाठीवरून हात फिरवेल. पण मग पंप सलिलचा होईल, जो वर्षातून एकदा येतो. नाहीतर काकूचा, म्हणजे पुढं ल्यूकचा. खोपट्याचं दार उघडं होतं. पंपाच्या हँडलला बाबांनी सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली होती, थंडीत हात चिकटू नये म्हणून. अंजूला तो पंप हवा होता. चांगुलपणा नको होता, पंप हवा होता.

“मधला,” ती म्हणाली आणि जमिनीकडे बघू लागली.

ल्यूकनं नाकातून आवाज काढला. “Of course.”

तेवढ्यात बीट्रिसकाकूनं टाळी वाजवली, एकच, मोठी, अशी की कुंपणावरचे पांढरे काकाकुवे उडाले.

“उचललास एकदाचा! मला धाकधूक होती, तू लाजशील आणि खालचा घेशील. लाजून घेतलेला वाटा दहा वर्षांनी आंबतो, पोरी. हवं ते घेतलंस, बरं केलंस. आता ऐक. पंप ज्याच्या वाट्याला, त्यानं दर शनिवारी यायचं. ऊन असो, दहिवर असो. सलिलच्या पट्ट्याला पाणी तू सोडायचं, माझ्याही तूच. पाळी नाही, दिवस नाहीत. कुणी मागायच्या आत सोडायचं.”

अंजूनं मान वर केली. “दर शनिवारी? काकू, मला फार्मसीत महिन्यातून दोन शनिवार शिफ्ट असते!”

“बदलून घे.”

सलिलला हसू आवरेना. “You've been had, mate. पूर्ण अडकलीस.”

“आणि हे कागदावर कुठं आहे?” श्रेयसनं विचारलं.

“कुठंच नाही. कागदावरचं वकील पाळतात. हे हिनं पाळायचंय.”

सलिलनं वरचा पट्टा उचलला, केळींसकट. काकूनं त्याला लगेच बजावलं, की हिवाळ्यात गोणपाट बांधायला तो आला नाही तर ती स्वतः बांधेल, आणि बांधताना त्याच्या नावानं बोटं मोडेल. उरला खालचा.

“Mum, खालचा?” ल्यूकचा आवाज आता खरोखरच काळजीचा होता. “पूर आला की तो जातोच.”

“जातो, पण गाळ घेऊन परत येतो. तू जातोस, ते काय घेऊन येतोस? धुवायचे कपडे.” मग तिनं त्याच्या गालाला मातीचा हात लावला. “माझ्यामागं तो तुझा. कागदावर तसं लिहिलंय. पण पंपवालीशी नीट वाग. पाणी तिच्या हातात आहे.”

ल्यूक गाल पुसत म्हणाला, “No worries, Mum,” आणि या वेळी त्याला थोडं हसू आलं.

मग पंप चालू करायची वेळ आली. अंजूनं बाबांना हजारदा बघितलं होतं, पण बघणं वेगळं. तिनं हँडल फिरवलं. पंप खोकला आणि गप्प झाला. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा श्रेयस पुढं झाला, तर काकूनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं. काकूला ठाऊक होतं काय चुकतंय. पण ती सांगेना. अंजू कपाळावरचा घाम पुसत पंपाकडे बघत राहिली. मग तिला आठवलं, बाबा नेहमी आधी बादली घेऊन नदीकडे जायचे. पंपाला आधी पाणी पाजावं लागतं. उपाशी पंप नदीतून काही ओढत नाही. ती बादली घेऊन खाली गेली, भरून आणली, पंपाच्या तोंडात ओतली आणि पुन्हा हँडल फिरवलं. खोपटं थरथरलं, पत्रे वाजले, काळा धूर निघाला, आणि नळीच्या पोटातून पाणी चढू लागल्याची ती जुनी गुरगुर आली.

सलिलनं अंगठा वर केला.

“आधी कुणाला सोडू?” अंजूनं आवाजावर आवाज काढून विचारलं.

“मला!” काकू म्हणाली. “माझे पाय तुझ्या पाण्यापेक्षा हळू चालतात. मी पोचेपर्यंत येईल.”

अंजूनं खालच्या पाटाची फळी उचलली. बीट्रिसकाकूनं भिंतीला टेकवलेली कुदळ घेतली, खांद्यावर टाकली आणि उताराला लागली. तिच्या डाव्या गुडघ्यात दुखतं, म्हणून ती जराशी डावीकडे झुकून चालते, आणि कुदळ उजवीकडे ठेवून तोल सांभाळते. सुतळीपाशी आली तेव्हा तिनं पाय उचलून ती सावकाश ओलांडली, आधी एक, थांबून दुसरा. तिनं मागं वळून पाहिलं नाही. सलिल आणि श्रेयस वरच्या अंगाला खुंट्या घट्ट करत होते, ल्यूक कुणाशी तरी फोनवर बोलत होता. खोपट्याच्या दारात, तेलाचे हात पुसत, एकटी अंजू बघत होती. पाटातलं पाणी काकूच्या टाचेच्या चार हात मागं होतं, मग तीन हात, आणि ती चालत होती.